घर घेण्याआधीची चार वर्षं

२०२१ च्या दसऱ्याला आम्ही नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याला पहिला फ्लॅट बघितला. आवडलाच. सॅम्पल फ्लॅट न आवडणारा माणूस मला अजून भेटायचाय. बिल्डरच्या ऑफिसातच कर्जाची कामं करणारा एक पोरगा बसला होता. त्याने माझा पॅन नंबर टाकला, लॅपटॉपकडे बघितलं आणि एकदम आवाज खाली आणला. "सर, सिबिल ६४१ आहे."

"कितीपैकी?" बायकोने विचारलं.

"नऊशे."

"मग सत्तर टक्क्यांच्या वर आहेत की!"

पोरगा हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा. सिबिल म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीचे मार्क, हा आकडा शून्यापासून नाही, ३०० पासून सुरू होतो आणि बँका साधारण ७५० च्या पुढच्या माणसाशी गोड बोलतात, हे त्याने शांतपणे सांगितलं. रंगीत माहितीपत्रक घेऊन आम्ही निघालो. पवननगर येईपर्यंत गाडीवर कोणी काही बोललं नाही.

त्या रात्री लेकीच्या चौकटीच्या वहीत, मागच्या बाजूने, देण्यांची यादी केली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण सगळी देणी एका कागदावर पहिल्यांदाच आली. दुसऱ्या लाटेत वडील सतरा दिवस हॉस्पिटलात होते. ते गेले, त्यांच्यासाठी काढलेलं तीन लाखांचं पर्सनल लोन राहिलं. पंधरा टक्के व्याज, ७,१३७ चा हप्ता, शिल्लक २,७९,०००. त्याच महिन्यात बायकोच्या चार तोळ्यांच्या बांगड्या पतसंस्थेत ठेवून काढलेले १,१०,०००. क्रेडिट कार्डाचे ६२,०००. गाडीचे ११ हप्ते, २,९०० प्रमाणे. लेकीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेल्या मोबाइलचे पाच हप्ते, १,८५० चे. आणि मामा.

मामा निफाड तालुक्यातले, द्राक्षबागायतदार. वडील ऑक्सिजनवर असताना ते मोटारसायकलवर आले आणि खताच्या पिशवीत गुंडाळलेले दीड लाख रुपये हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर माझ्या हातात दिले. सीझनचे पैसे नुकतेच आले होते. मी म्हटलं, मामा, लिहून देतो. तर म्हणाले, "बहिणीच्या घरात कागद करू का आता?"

एकूण ६,४२,१५०. कार्डाची किमान रक्कम धरून महिन्याला १५ हजारांना तेरा रुपये कमी बाहेर जात होते. वर ८,५०० भाडं. मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. तेव्हा हातात ३४,००० यायचे. बायको एका दवाखान्यात रिसेप्शनला, नऊ हजार, तेही रोख.

फेडायचं कुठून सुरू करायचं? मी इंजिनिअर नाही, पण डिप्लोमावाला आहे, त्यामुळे व्याजदराप्रमाणे उतरत्या क्रमाने आकडे टाकले. कार्ड पहिलं, मग पर्सनल लोन, मग सोनं. मामांचं नाव सगळ्यात खाली गेलं. व्याज शून्य, मुदत नाही, सिबिलमध्ये दिसत नाही. हिशेबाने अगदी बरोबर होतं.

कार्डाचं गणित त्या रात्री पहिल्यांदा नीट केलं आणि घाम फुटला. ६२ हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे २,१७० व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३९०. झाले २,५६०. आणि मी भरत होतो किमान रक्कम, ३,१००. म्हणजे मुद्दलातून जात होते ५४० रुपये. दीड वर्ष मी असं समजत होतो की आपण कार्ड "वेळेवर भरतोय". वेळेवर तर भरतच होतो!

बायकोची वीस जणींची दोन हजारांची भिशी होती. डिसेंबरात तिच्या नावाची चिठ्ठी निघाली. ते चाळीस आणि दिवाळीच्या बोनसमधले बावीस, असं करून जानेवारीत कार्ड शून्यावर आणलं आणि अर्ज करून बंद केलं. नुसतं कात्रीने कापून उपयोग नसतो. खातं बंद झाल्याचा ईमेल हातात पाहिजे.

इथपर्यंत सोपं होतं. आता जे लिहितोय ते मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

कार्ड बंद केल्यावर मी सिबिलचा पूर्ण रिपोर्ट काढला. प्रत्येक क्रेडिट ब्युरोने (म्हणजे लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणारी कंपनी; देशात अशा चार आहेत, सिबिल त्यातलीच एक) वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यासाठी ॲपवाल्यांना पैसे द्यायची गरज नाही. तर त्या रिपोर्टात तिसऱ्या पानावर एक जुनं कार्ड निघालं. २०१७ साली आमच्या आधीच्या कंपनीत कामगार कपात झाली, पाच महिने मी घरी होतो, तेव्हा ते थकलं. ४८,००० झाले होते. वसुलीवाल्यांचे फोन सकाळी साडेसातला सुरू व्हायचे. २०१९ मध्ये त्यातलाच एक जण गोड बोलला, "साहेब, बावीस हजारांत मिटवून टाकू." मी नवीन नोकरीच्या पहिल्या इन्सेंटिव्हमधून भरले, पत्र घेतलं आणि मित्रांना मिसळ खाऊ घातली. २६ हजार वाचवले होते ना.

रिपोर्टात त्या कार्डापुढे लिहिलेलं होतं, "सेटल्ड". मराठीत सेटल होणं म्हणजे माणसाचं बस्तान बसणं. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ, या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, आम्ही तडजोड केली. खातं "क्लोज्ड" असलं तर ती फेड. "सेटल्ड" असलं तर पुढच्या प्रत्येक बँकेला भोंगा लावून सांगितल्यासारखं.

उपाय एकच, सोडून दिलेले २६ हजार आता भरायचे. गंमत म्हणजे ते घ्यायला कोणी तयार होईना. शाखेत गेलो तर म्हणे, कार्डाचं खातं शाखेत नसतं. कॉल सेंटरला विचारलं तर, सर, तुमच्याकडून काहीच येणं दिसत नाही. नाही दिसत तर मग सेटल्ड का लिहिलंय? "ते सिस्टिममधून आलंय सर." चार महिने हेच. शेवटी बँकेच्या वेबसाइटवर तक्रार निवारणाच्या वरच्या पायरीवरच्या अधिकाऱ्याचा ईमेल सापडला. त्याला जुनं तडजोडीचं पत्र, रिपोर्टाचं ते पान आणि "मला उरलेली रक्कम भरायची आहे, कुठे भरू ते लेखी कळवा" असं सरळ वाक्य पाठवलं. नवव्या दिवशी उत्तर आलं. पैसे भरले, पत्र आलं, त्यात "काहीही येणे बाकी नाही" आणि खातं पूर्ण फेडून बंद, असं दोन्ही होतं. पत्र घेताना हे दोन्ही शब्द आहेत का ते बघूनच घ्या. तरी रिपोर्ट बदलला नाही, म्हणून सिबिलच्या साइटवर हरकत नोंदवली, तेव्हा बदलला. २०२४ च्या एप्रिलपासून अशा हरकतीचा निकाल ३० दिवसांत लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आलाय. माझ्या वेळी तो नव्हता, आणि मी ते शंभर-शंभर मोजत बसलो असतो तर गाडीचा एखादा हप्ता सहज निघाला असता.

आणि एवढं करून आकडा किती वाढला? सत्तावीस. सेटल्ड पुसलं तरी २०१७-१८ चे थकलेले महिने रिपोर्टात तसेच दिसत होते. ते काळच मागे टाकतो.

त्याच रिपोर्टात अजून एक ओळ होती. कंपनीतल्या एका मित्राच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो आणि विसरून गेलो होतो. लॉकडाऊनमध्ये त्याचे हप्ते चुकले होते, ते माझ्या रिपोर्टात शिरले होते. त्याच्याशी भांडलो नाही. त्याने २०२३ मध्ये ते कर्ज संपवलं. सही करताना जामीनदाराला चहा मिळतो, एवढाच काय तो फायदा.

मोबाइल संपला, मग गाडी संपली. कार्डाचे धरून हातात महिन्याला पावणेआठ हजारांच्या वर सुटे झाले. बायकोने घरी पिको-फॉल सुरू केलं. नवरात्रात मशीन रात्री साडेअकरापर्यंत चालायचं आणि खालच्या काकू झाडूने छत ठोकायच्या. पर्सनल लोनचा हप्ता चालू होताच, त्यामुळे सुटे पैसे सोन्याकडे वळवले. हिशेबाने खरं तर पंधरा टक्क्यांचं लोन आधी जायला हवं होतं, बारा टक्क्यांचं सोनं नंतर. पण बायको म्हणाली, "अहो, हातात घालायला काही नाही, बहिणीच्या लग्नात मी खोट्या घातल्या." मुदतीआधी लोन मिटवायला दंड होता, तेवढं निमित्त मला पुरलं. दर वर्षी १३,२०० नुसतं व्याज भरून पतसंस्थेची पावती नवी करून घ्यायचो, मुद्दल जागच्या जागी. ते थांबलं. २०२३ च्या लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी बांगड्या सोडवून आणल्या. पतसंस्थेच्या कॅशिअरने सीलबंद पाकीट आमच्यासमोर फोडलं, वजन करून दाखवलं. बायकोने बांगड्या तिथेच घातल्या, काउंटरवरच.

बरोबर पंधरा दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, गारपीट झाली.

निफाडकडची गारपीट टीव्हीवर दिसत होती. मामांना फोन केला तर म्हणाले, "हाय थोडं." पुढच्या रविवारी गेलो. थोडं नव्हतं. बागेत तारेवर काड्या उभ्या होत्या, पानांच्या चिंध्या झाल्या होत्या आणि हरभऱ्याएवढे मणी घडांसकट मातीत पडून सडायला लागले होते. वास आंबूस. मामा आम्हाला बाग दाखवायला आलेच नाहीत. ओट्यावर बसून लेकीला अभ्यासाचं विचारत राहिले. औषधाच्या दुकानाची उधारी आणि सोसायटीचं कर्ज हे विषय मामींनी आत चुलीपाशी बायकोला सांगितले. मामांनी माझ्याकडे एक अक्षर काढलं नाही. निघताना डिक्कीत घरच्या गव्हाची पिशवी ठेवली.

आडगाव नाक्याच्या सिग्नलला बायको मागून म्हणाली, "बांगड्या परत ठेवू."

मी म्हटलं, सोडवून आणून महिना नाही झाला. आपला आकडा आता कुठे सातशेच्या वर आलाय. अजून एक कर्ज काढलं की पुन्हा मागे. मामांनी मागितलेले नाहीत. ती म्हणाली, "म्हणूनच."

मला राग आला होता, हे कबूल करतो. यादीत मामा शेवटी होते ते माझ्या हिशेबाने, आणि तो हिशेब चुकलेला नव्हता. फक्त त्या हिशेबात व्याज न लावणारा माणूस सगळ्यात स्वस्त धरला होता. दोन वर्षं मी बँकांची कर्जं फेडत होतो ती मामांच्या पैशांवर, हे सिग्नल हिरवा होईपर्यंत माझ्या लक्षात आलं. त्यात मोठेपणा काही नाही, मागे बसलेल्या बाईने ते लक्षात आणून दिलं.

या वेळी पतसंस्थेत न जाता बँकेत गेलो, नऊ टक्क्यांच्या आसपास मिळालं. सोन्याचा भाव वाढलेला असल्याने त्याच बांगड्यांवर दीड लाख बसले. तेव्हा बँका किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच द्यायच्या. डिसेंबरात मामांना नेऊन दिले. मला वाटलं होतं नको-नको म्हणतील. त्यांनी नोटा मोजल्या. दोनदा. मग रबर लावून म्हणाले, "दोन वर्सं आठ महिने झाले." तक्रार नव्हती, छाटणीला किती दिवस झाले हे सांगावं तसं. पण त्यांनी महिने मोजले होते.

२०२४ पूर्ण त्या सोन्यात गेलं. पगार वाढला होता, बायकोचाही. त्या वर्षी फ्लॅट बघायला आम्ही गेलोच नाही, बिल्डरांचे मेसेज आले की डिलीट.

२०२५ च्या मे महिन्यात पाथर्डी फाट्याच्या अलीकडे एक वन बीएचके मिळाला, सात वर्षं जुना, साडेतेवीस लाख. रिसेल घेण्याचं कारण सांगतो: बिल्डिंग पूर्ण आणि दाखला असलेली असल्याने जीएसटी नाही, भाडं आणि हप्ता दोन्ही एकाच वेळी भरावं लागत नाही, आणि पावसाळ्यात गळतं का ते खालच्या मजल्यावरच्यांना विचारता येतं. (गळत होतं. बाथरूमच्या भिंतीतून. पन्नास हजार कमी करून घेतले, ते धरूनच साडेतेवीस.)

आता बँकेचं गणित, ते माझ्या वहीतल्या गणितापेक्षा वेगळं निघालं. माझा पगार हातात ४४,०००. बायकोचा रोख असल्याने धरलाच नाही. निम्म्यापर्यंत हप्ते चालतील म्हणे, म्हणजे २२,०००. त्यातून पर्सनल लोनचे ७,१३७ वजा. उरले १४,८६३. आठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी लाखाला ८३६ रुपये हप्ता पडतो, म्हणजे कर्ज बसतं पावणेअठरा लाखांच्या आसपास. मला हवे होते वीस.

त्या पर्सनल लोनचे उरले होते किती? दहा हप्ते. मुद्दल ६६,७०० च्या आत. मुदतीआधी मिटवायचे तर चार टक्के दंड, त्यावर जीएसटी, असे तीन हजार दीडशे. दहा महिने तसंच चालू ठेवलं असतं तर व्याज गेलं असतं ४,६७२. म्हणजे आधी मिटवून वाचत होते जेमतेम पंधराशे रुपये. नुसत्या व्याजाकडे बघणाऱ्याने कशाला धावपळ केली असती? पण तो हप्ता गेला की बँकेच्या लेखी माझी कुवत साडेआठ लाखांनी वाढत होती. जूनमध्ये मिटवलं. चार वर्षं ज्या लोनला मी व्याजाच्या तराजूत तोलत होतो, ते शेवटी या कारणासाठी गेलं. घर घेणाऱ्याने छोटे उरलेले हप्ते आधी बघावेत, मग दर.

नाहरकत पत्र आठ दिवसांत आलं. २०२५ मध्ये बँकांना दर पंधरवड्याला ब्युरोंना माहिती द्यावी लागायची, त्यामुळे जुलैच्या शेवटी रिपोर्टात "क्लोज्ड" दिसलं. आकडा ७६८. बायको म्हणाली, "पंच्याऐंशी टक्के."

कर्ज वीस लाख मंजूर झालं. तीस लाखांच्या आतल्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, पण मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाहीत, ते आपल्या खिशातून. साडेतीन लाख घरमालकाला, सहा टक्क्यांप्रमाणे १,४१,००० मुद्रांक, एक टक्का नोंदणी २३,५००. एकट्या बायकोच्या नावावर घेतलं असतं तर मुद्रांक एक टक्का कमी पडला असता. बँकेला उत्पन्न माझं आणि नाव तिचं, असं चालत होतं. पण मला माझंही नाव हवं होतं. साडेतेवीस हजारांचा हा हट्ट घरात अजून ऐकवला जातो.

पैसे पीएफच्या उचलीतून आले, साठवलेल्यातून आले, आणि दोन बांगड्यांतून. त्या सराफ बाजारात मोडल्या. जुन्या सोन्याची घट धरूनही दोन तोळ्यांचे एक लाख शहाण्णव हजार आले. चारही बांगड्यांवर २०२१ मध्ये पतसंस्थेने एक लाख दहा दिले होते. बायको दुकानातून बाहेर पडून उरलेल्या दोन एका हातात घालून बघत होती, एकेका हातात एक बरी दिसेल की एकाच हातात दोन.

नवरात्रात नोंदणी केली. पितृपक्षात दुय्यम निबंधक कार्यालयात गर्दी कमी असते, एजंटने सुचवलंही होतं, पण मामी फोनवर नुसतं "अगं बाई" म्हणाल्या आणि तो विषय संपला. दोन ओळखदार लागतात. एक कंपनीतला मित्र, ज्याला मी जामीन राहिलो होतो तोच. दुसरे मामा.

मामांचा अंगठा यंत्र घेईना. तीनदा ठेवला. ऑपरेटर म्हणाला, बाबा, रेषा दिसत नाहीत, पुसून ठेवा. मामांनी अंगठा टोपीला पुसला, डोळ्यांसमोर धरून बघितला. पाचव्या वेळेला घेतला.

बाहेर चहा घेताना त्यांनी विचारलं, "हप्ता किती वर्सं?"

"वीस, मामा."

"वीस?" त्यांनी बशी खाली ठेवली. "बाग पंधरा वर्सांत काढावी लागती मला."